‘जवळपास’ दाबलं की भलतंच गाव का दिसतं? कुठे अडलंय ते शोधायची माझी पद्धत

मागच्या पावसाळ्यात एक निरोप आला. “दादा, मी लिंबमध्ये उभी आहे. बारामोटेची विहीर इथेच आहे म्हणतात, पण फोनवर जवळपासची ठिकाणं उघडली की हायवेवरची हॉटेलं आणि पेट्रोल पंपच दिसतायत.” सातारच्या अलीकडे लिंब फाट्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ती अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली आयताकृती विहीर आणि मधला छोटासा महाल बघायला लोक लांबून येतात. ही ताई तिथून चालत दहा मिनिटांवर उभी होती आणि तिच्या फोनच्या लेखी ती गावातच पोचली नव्हती.

मी तिला नकाशा उघडून निळा ठिपका बघायला सांगितलं. ठिपका हायवेच्या पलीकडे होता, आणि त्याभोवतीचं फिकट वर्तुळ इतकं मोठं की अर्धा पडदा व्यापलेला. मग काय करायचं ते कळायला वेळ लागला नाही.

हीच तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत सतत येते. आम्ही आठ-दहा जण सुट्टीच्या दिवशी बारवा, लेणी, किल्ले बघत फिरतो, त्यामुळे ओळखीतले लोक विचारतात. कोणाला घरबसल्या मुंबई दिसते, कोणाला गडाच्या पायथ्याशी ‘काहीही सापडले नाही’ असं उत्तर मिळतं, कोणी नाव टाकून निघतो आणि दुसऱ्याच जिल्ह्यात पोचतो. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी एवढं लक्षात घ्या. गूगल मॅप्स असो, विकिपीडियाचं ‘जवळपास’ पान असो, की ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्ससारखी अ‍ॅप्स, सगळ्यांचं काम मुळात एकच. तुम्ही कुठे आहात ते घ्यायचं, ठिकाणांच्या यादीत प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश बघायचे, अंतर काढायचं आणि जवळचं वर आणायचं. त्यामुळे बिघाड तीनच जागी असतो: तुमची जागा चुकली, ठिकाणाची जागा चुकली, किंवा दोन्ही बरोबर असून नावाने वा अंतराने फसवलं. दुरुस्ती याच क्रमाने करत जा. लोक उलट करतात, आधी अ‍ॅप काढून टाकतात आणि पुन्हा घेतात. त्याने बहुतेक वेळा काही होत नाही.

पहिली तपासणी: ठिपका आणि त्याचं वर्तुळ

नकाशा उघडा आणि निळा ठिपका कुठे आहे ते बघा. भोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे फोन सांगतोय, ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे.’ मोकळ्या आभाळाखाली हे वर्तुळ पाच-दहा मीटरचं असायला हवं. तसं असेल आणि ठिपका तुमच्या पायाखाली असेल, तर फोनचं काही चुकत नाही, हा भाग सोडून पुढे जा.

वर्तुळ किलोमीटर-दोन किलोमीटरचं असेल तर जवळजवळ नेहमी एकच कारण निघतं. अँड्रॉइड १२ पासून (२०२१) आणि आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) प्रत्येक अ‍ॅपला अचूक ठिकाण द्यायचं की अंदाजे, हे आपल्याला ठरवता येतं. परवानगीची खिडकी आली की आपण घाईत काहीतरी दाबतो आणि ‘अंदाजे’ निवडलं जातं. हवामान बघायला अंदाजे ठिकाण पुरतं, गल्लीच्या टोकाचं देऊळ शोधायला पुरत नाही. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्यांत जा, लोकेशन उघडा आणि ‘अचूक स्थान’ चालू करा. फोन इंग्रजीत असेल तर तिथे ‘प्रिसाइज लोकेशन’ लिहिलेलं दिसेल. लिंबला तेवढंच अडलं होतं.

ब्राउझरमधून बघत असाल तर कुलपं दोन असतात, आणि इथे हुशार माणसंही अडकतात. फोनने ब्राउझरला परवानगी द्यावी लागते आणि ब्राउझरने त्या संकेतस्थळाला. एकदा कधीतरी ‘नको’ दाबलं असेल तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारतही नाही. पान नुसतं गप्प बसतं. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेलं चिन्ह दाबा, त्या स्थळाच्या परवानग्या उघडतील, तिथे लोकेशन ‘अनुमती द्या’ करा आणि पान ताजं करा. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत नसेल तर मात्र कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग नाही. असुरक्षित पानांना लोकेशन देणं क्रोमने २०१६ मध्येच बंद केलं आणि बाकीचे ब्राउझरही त्याच वाटेने गेले. पर्यटनाची जुनी, कोणी हात न लावलेली संकेतस्थळं याच कारणाने ‘माझ्या जवळचे’ दाखवू शकत नाहीत.

घरच्या संगणकावर मुंबई दिसत असेल तर घाबरू नका. संगणकात बहुधा जीपीएस नसतंच. आजूबाजूची वायफाय सापडली तर त्यावरून, नाहीतर इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून तो अंदाज बांधतो. आयपी पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो आणि ती नोंद बऱ्याचदा मोठ्या शहराची असते. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून फिरवून आणणारी सोय, चालू असेल तर देशही बदलेल. संगणकावर ‘जवळपास’ दाबण्यापेक्षा नकाशा हाताने आपल्या गावावर आणा आणि तिथून शोधा.

राउटर सोबत आणला असेल तर

हा प्रकार माहीत नसेल तर डोकं चक्रावतं. माझे आई-बाबा नाशिकहून पुण्याला राहायला आले आणि सामानात जुना वायफाय राउटरही आला. तो लावला त्या संध्याकाळी आई म्हणाली, “अरे, माझ्या फोनला अजून पंचवटीच दिसतेय. जवळचं देऊळ म्हणून काळाराम दाखवतोय.” फोन नवा, परवानग्या बरोबर, वर्तुळ लहान. तरी गाव नाशिक!

कारण असं. घरात छताखाली उपग्रहांचा संदेश नीट येत नाही, म्हणून फोन आसपासच्या वायफाय राउटरांची ओळख वाचतो आणि ‘हा राउटर कुठे असतो’ हे एका मोठ्या यादीत बघतो. ती यादी रस्त्याने जाणाऱ्या फोनांनीच भरलेली असते. आईबाबांचा राउटर त्या यादीत वर्षानुवर्षं नाशिकचा होता. तो पुण्यात आला हे यादीला कळायला वेळ लागतो. आईला मी फोन घेऊन गच्चीत जायला सांगितलं, वायफाय बंद करून नकाशा दोन-तीन मिनिटं उघडा ठेवायला लावला. ठिपका उडी मारून पुण्यात आला. खाली आलो की पुन्हा पंचवटी. रोज असं दोनदा करत राहिलो आणि काही दिवसांत गाडी रुळावर आली. घर बदललेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं, विशेषतः घरी वयस्कर माणसं असतील आणि ती औषधाचं दुकान फोनवर शोधत असतील तर.

डोंगरात, दरीत आणि पेठेत

“रेंज नव्हती म्हणून जीपीएस चाललं नाही” हे वाक्य मी फार ऐकतो. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचा संदेश फोन थेट ऐकतो, आणि किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा काढतो. रेंजचा उपयोग दोन गोष्टींसाठी: नकाशाचं चित्र उतरवायला, आणि कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती झटकन मिळवायला. रेंज नसली तर तीच माहिती फोनला उपग्रहाकडून हळूहळू ऐकावी लागते. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला निदान अर्धं मिनिट स्वच्छ संदेश लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. म्हणून माझी सवय अशी आहे: रेंज असलेल्या शेवटच्या गावात, चहा पिताना, मोकळ्यावर नकाशा उघडून ठेवायचा. ठिपका बसला की मग वर निघायचं. आणि त्या भागाचा नकाशा आदल्या रात्री घरीच उतरवून घ्यायचा.

तरी काही जागा अशा आहेत की फोनचा नाइलाज होतो. साम्रदच्या सांधण दरीत उतरलात की दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वर आभाळाची फक्त एक चिरी. उपग्रहांचा संदेश कड्यावर आपटून वाकडा होऊन येतो, फोनला वाटतं अंतर जास्त आहे, आणि ठिपका कधी या कड्यावर, कधी त्या कड्यावर उड्या मारतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या उंच इमारतींमधल्या बोळांतही हेच छोट्या प्रमाणात होतं. अशा जागी ठिपक्याच्या भरवशावर ‘डावीकडे वळा’ ऐकू नका. बोळ संपून चौकात या, अर्धं मिनिट थांबा आणि मग बघा. नवे फोन दोन वारंवारतांवर ऐकतात, त्यांत हा दोष बराच कमी झालाय, पण गेलेला नाही.

ठिपक्यापुढचा दिशा दाखवणारा पंखा उलटीकडे असेल तर ती वेगळी गोष्ट. ते काम फोनमधल्या होकायंत्राचं. चुंबकाच्या झाकणाचं कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-चारदा फिरवा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्येही चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे कातळावर फोन टेकवून दिशा बघू नका, छातीच्या उंचीवर धरा.

ठिपका बरोबर, तरी यादी रिकामी

इथे खरी मेख आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथेच.

विकिपीडियाचा ‘जवळपास’ शोध जास्तीत जास्त १० किलोमीटरच्या त्रिज्येत चालतो आणि तुम्ही ज्या भाषेत उघडला त्याच भाषेतले लेख बघतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, किल्ल्यांवर, गावांवर, देवळांवर लेखही पुष्कळ आहेत. पण लेखात अक्षांश-रेखांश लिहिलेलेच नसतील तर तो लेख ‘जवळपास’मध्ये कधीच येणार नाही, मग तुम्ही त्याच्या दारात का उभे असेना. तिथे भाषा बदलून इंग्रजी करून बघा. इंग्रजीत ठिकाण दिसलं आणि मराठीत नाही, तर मराठीत एकतर लेख नाही किंवा आकडे नाहीत. नाव टाकून शोधलं की दोनपैकी काय ते कळतं.

आकडे असतात पण चुकीचे असतात, तो प्रकार जास्त त्रासाचा. दोन चुका मला पुन्हापुन्हा सापडतात.

पहिली चूक अंश-मिनिटांची. शनिवारवाड्याचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत साधारण १८ अंश ३१ मिनिटं १० सेकंद उत्तर आणि ७३ अंश ५१ मिनिटं १९ सेकंद पूर्व. दशांशात तेच १८.५१९ आणि ७३.८५५ होतात, कारण एका अंशात साठ मिनिटं असतात. पण जुन्या पुस्तकातले आकडे कोणी घाईने १८.३११० आणि ७३.५११९ असे टाकले, तर शनिवारवाडा चाळीसेक किलोमीटर सरकून तोरणा आणि रायगड यांच्या पट्ट्यातल्या डोंगरात जाऊन पडतो. सोपी खूण सांगतो: एखाद्या संचातल्या कुठल्याही ठिकाणाच्या दशांशानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांत साठच्या पुढचा आकडा कधीच येत नसेल, तर मिनिटंच दशांश म्हणून छापली गेलीत असं समजा.

दुसरी चूक अदलाबदलीची. काही साधनं अक्षांश आधी घेतात, काही रेखांश आधी. उलटं पडलं की पुण्याचं ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात दिसतं. महाराष्ट्रापुरतं एवढं पाठ करा: अक्षांश १५ ते २२च्या आसपास, रेखांश ७२ ते ८१च्या आसपास. मोठा आकडा रेखांशाचा.

आकडे किती बारीक आहेत तेही बघा. दशांशानंतर दोनच स्थळं असतील तर घोळ एक किलोमीटरचा, चार स्थळं असतील तर अकराएक मीटरचा. दोनच दशांश स्थळांचे आकडे असलेली बारव तुम्ही शेतात शोधत बसलात तर दुपार तिथेच जाईल. असं असेल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि औत हाकणाऱ्या माणसाला विचारा. “काका, जुनी विहीर कुठंशी?” एवढं पुरतं.

नावाचा आणि अंतराचा फेरा

राजमाचीला दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन. नकाशात नुसतं ‘श्रीवर्धन’ टाकलंत तर तो तुम्हाला समुद्रकाठच्या श्रीवर्धनला नेतो, पेशव्यांच्या मूळ गावी. ‘राजमाची’ टाकून पहिलं उत्तर दाबलंत तर खंडाळ्याच्या घाटातला राजमाची पॉइंट येऊ शकतो. तिथून गड समोर दिसतो, पण मध्ये अख्खी दरी आहे. गडाच्या पायथ्याचं गाव उधेवाडी, आणि शोधायचं ते नाव तेच. किल्ल्याचं नाव टाकण्यापेक्षा पायथ्याच्या गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका, चूक निम्म्याने कमी होते. वडगाव, पिंपळगाव, शहापूर अशी नावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, बुद्रुक आणि खुर्द शेजारी शेजारी आहेत. कोरीगडाला जायचं असेल तर पेठ शहापूर पाहिजे, ठाणे जिल्ह्यातलं शहापूर नव्हे.

जुनी नावंही टाकून बघा. तोरणा सापडला नाही तर प्रचंडगड, रोहिडा नाही तर विचित्रगड, वासोटा नाही तर व्याघ्रगड. आणि रोमन लिपीत लिहिलेल्या नावांचा भरवसा धरू नका. लिंबच्या विहिरीचंच नाव बारामोटेची, बारा मोटांची, बारामोटाची असं निरनिराळं लिहिलेलं सापडतं. देवनागरीत नाही मिळालं तर रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाका.

अंतराचं असं की ही साधनं ‘जवळ’ म्हणतात ते बहुधा सरळ रेषेत, पक्षी उडेल तसं. सपाटीवर ते चालतं. घाटमाथ्यावर नाही. कर्जतकडच्या खांडस गावातून भीमाशंकर नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं. चालत जायचं तर शिडी घाट किंवा गणेश घाट चढावा लागतो, आणि गाडीने जायचं तर लोणावळा, चाकण, राजगुरूनगर असा सगळा वळसा. पावसाळ्यात, सोबत लहान मुलं असताना, ‘अरे पाच किलोमीटरच आहे’ म्हणून निघालेली कुटुंबं मी बघितली आहेत. यादीत ठिकाण दिसलं की आधी रस्त्याचं अंतर काढा, आणि ठिकाण कोकणाच्या अंगाला आहे की देशाच्या, ते नकाशावर डोळ्यांनी बघा.

चूक सापडली तर तिथेच दुरुस्त करा

तुम्ही त्या जागी उभे आहात. तुमच्यासारखा पुरावा कार्यालयात बसलेल्या कोणाकडेही नाही. म्हणून माझी विनंती आहे की चूक दिसली तर ती घरी आणू नका.

मोकळ्या जागी उभं राहून वर्तुळ लहान होऊ द्या. ठिपक्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच नकाशांत अक्षांश-रेखांश दिसतात. ते लिहून घ्या, जागेचा एक फोटो काढा, गावातल्या माणसाला ठिकाणाचं नाव विचारा आणि तो म्हणेल तसंच लिहा. मराठी विकिपीडियाच्या लेखात माहितीचौकटीत ते आकडे भरता येतात. ओपनस्ट्रीटमॅपवर टीप ठेवता येते, किंवा ठिकाण मांडून त्याचं मराठी नावही देता येतं. फक्त तिथे दुसऱ्या नकाशावरून आकडे उतरवून घालू नका, त्यांना त्याची परवानगी नाही. स्वतः उभं राहून घेतलेली नोंदच टाका. विकिमीडिया कॉमन्सचं अ‍ॅप तर जवळपासच्या कोणत्या जागेचा फोटो अजून कोणाकडेच नाही, हेही दाखवतं.

एक काळजी मात्र घ्या. आडरानातली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), पडकं देऊळ, बुजत आलेली बारव यांच्या नेमक्या जागा टाकण्याआधी गावकऱ्यांशी बोला. गुप्तधनाच्या नादाने अशा जागा खणून, फोडून टाकणारे लोक आहेत. गाव नको म्हणालं तर गावाचं नाव पुरे, आकडे नकोत.

लिंबच्या त्या ताईने त्या दिवशी विहीर बघितली, पायऱ्या उतरून महालापर्यंत गेली आणि फोटो पाठवले. नंतर तिने तिच्या गावातलं काम हाती घेतलं. मारुतीच्या देवळामागे चार वीरगळी आहेत आणि त्या कुठल्याच नकाशावर नाहीत. सरपंचांना विचारलं, ते हो म्हणाले. मागच्या आठवड्यात तिचा निरोप आला: “दादा, पाराजवळ उभी आहे. ठिपका देवळावर आलाय, वर्तुळ चार मीटर. आकडे घेते आता.”